पापण्या असलेली पाल

‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ असे आपण म्हणतो, ते भिंतीवरच्या पालीवरून. तिच्याच दूरच्या गोत्रातील एक पाल नागपूरच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या पानझडी अरण्यांत दगडांखाली व बिळांत राहते. त्या वेळच्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम्) जिल्ह्यातील नमुन्यांवरून शास्त्रज्ञांनी २०१४ साली ती स्वतंत्र जात असल्याचे दाखविले व सातपुड्यावरूनच तिला ‘युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस’ असे नाव दिले.

निसर्गपाठाच्या वेळी मुलांना प्रथम घरातील पाल पाहावयास सांगावे. तिला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असून ते ती जिभेने पुसते. तिच्या बोटांच्या तळाशी अतिसूक्ष्म केसांच्या रांगा असतात व त्यांच्या योगे ती गुळगुळीत भिंतीस चिकटते. अरण्यातील ह्या पालीस पापण्या आहेत, ती डोळे मिटू शकते. मात्र तिच्या बोटांना केवळ नख्या असल्यामुळे तिला तशी भिंत चढता येत नाही. जाड शेपटीत ती चरबी साठविते आणि रात्री किडे टिपते. पिलांच्या अंगावर रुंद पट्टे असतात. वाढत्या वयाबरोबर ठिपके उमटून अंग बिबट्यासारखे दिसू लागते.

हे रूपच तिच्या जिवावर उठते. लोक तिला विषारी समजून दिसताच ठेचतात. वस्तुतः भारतातील एकही पाल विषारी नाही. डिवचल्यास ती चावेल, क्वचित रक्तही येईल. त्यापलीकडे काही नाही.

परंतु एवढेच शिकवून थांबणे धोक्याचे आहे. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास मण्यार चावली, तर वेदना फारशी होत नाही, दातांच्या खुणाही कित्येकदा दिसत नाहीत. ‘पाल चावली असेल’ म्हणून घरची माणसे निश्चिंत राहतात. मग पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास कोंडतो. तेव्हा चावणारा प्राणी प्रत्यक्ष पाहिला नसेल, तर तो सापच समजावा आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, हे मुलांकडून पाठ करवून घ्यावे. सर्पविषावरील लस जवळ कोठे मिळते, ह्याची चौकशी शिक्षकाने पावसाळ्यापूर्वीच करावी व ते ठिकाण फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.