मध्य-इंजिन व पश्च-इंजिन क्रीडामोटारी : एक तुलना

मोटारीचे वळणावरील वर्तन बऱ्याच अंशी इंजिनाच्या स्थानावर अवलंबून असते. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउरामध्ये इंजिन दोन्ही आसांच्या दरम्यान होते. भार मध्याजवळ असल्याने अशी मोटार चटकन दिशा बदलते. मात्र मागील बैठकांना जागा उरत नाही.

१९६४ पासून निर्माण होणाऱ्या पोर्शे ९११ चे इंजिन मागील आसाच्याही मागे असते. त्यामुळे वेग घेताना मागील चाकांची पकड वाढते. परंतु वळणात ॲक्सिलरेटर एकाएकी सोडल्यास मागील बाजू बाहेर फेकली जाऊ शकते. म्हणून १९६९ च्या मॉडेलमध्ये आसांमधील अंतर ५७ मि.मी.ने वाढविण्यात आले. २०१७ च्या हंगामात शर्यतीच्या ९११ आरएसआरचे इंजिन मागील आसापुढे आले. रस्त्यावरील ९११ मध्ये ते मागेच राहिले.

सारांश, चपळतेत मध्य-इंजिन सरस ठरते. मात्र छोट्या मागील बैठका व परंपरेची ओळख यांमुळे पश्च-इंजिनाचे आकर्षण टिकून आहे.