प्रोटॉन गेल्यावर मागे काय उरते?

जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय असो की धुळ्याचे घोगरे विज्ञान महाविद्यालय, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला सेंद्रिय मिश्रणाचे घटक वेगळे करण्याचा प्रयोग सहसा चुकत नाही. बेंझॉइक आम्ल आणि नॅफ्थॅलीन यांच्या मिश्रणावर खाण्याच्या सोड्याचे द्रावण ओतले की फसफस होते, आम्ल लवणरूपाने विरघळते, नॅफ्थॅलीन गाळणकागदावर राहते, आणि गाळलेल्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल घालताच बेंझॉइक आम्लाचा पांढरा साका पुनश्च प्रकट होतो. तथापि हे सारे बिनचूक करणाऱ्या विद्यार्थ्यालाही, बीटा-नॅफ्थॉल या सोड्याला दाद का देत नाही आणि कॉस्टिक सोड्यात मात्र का विरघळतो, असे विचारले तर तो पुष्कळदा निरुत्तर होतो.

याचे मूळ शालेय व्याख्येत आहे. पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड देते ती आम्लारी, ही आर्हेनियसची व्याख्या मनात इतकी दृढ झालेली असते की, अल्कोहोलच्या सूत्रात ‘ओएच’ दिसताच विद्यार्थी त्यास आम्लारी ठरवून मोकळा होतो. वस्तुतः १९२३ साली ब्रन्स्टेड आणि लाउरी यांनी आम्लता हा दोन पदार्थांमधील प्रोटॉनच्या देवघेवीचा मामला असल्याचे दाखवून दिले. म्हणूनच पाण्यात प्रोटॉन देणारे ॲसिटिक आम्ल तीव्र गंधकाम्लात तोच स्वीकारते.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा, की प्रोटॉन गेल्यावर मागे उरलेला ऋण प्रभार कितपत स्थिर राहतो? बेंझॉइक आम्लात तो दोन ऑक्सिजन अणूंवर समसमान विभागला जातो. नॅफ्थॉलमध्ये तो एका ऑक्सिजनवरून वलयातील कार्बनवर काही अंशी पसरतो. इथेनॉलमध्ये मात्र तो एकाच ऑक्सिजनवर एकवटून राहतो. त्यांचे पीकेए अनुक्रमे ४.२, ९.५ आणि १६ येतात, आणि हा आकडा जितका लहान तितके आम्ल प्रबळ. कार्बोनिक आम्लाचा आकडा ६.४ असल्यामुळे त्याहून प्रबळ असलेले बेंझॉइक आम्लच सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मुक्त करू शकते, आणि दुर्बळ नॅफ्थॉलला कॉस्टिक सोड्याचाच आश्रय घ्यावा लागतो.

खानदेशातील अध्यापकांना आग्रहाची विनंती एवढीच, की प्रयोगवहीत ‘आम्ल उपस्थित’ या निष्कर्षाखाली त्याची कारणमीमांसाही दोन ओळींत लिहून घ्यावी. कारण हे कारण ज्याला उमगले, त्याला सेंद्रिय रसायनातील असंख्य अभिक्रिया पाठ कराव्या लागत नाहीत.