डॉलिशची भिंत कोणाच्या खात्यात?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात डॉलिश नावाचं छोटं गाव आहे. समुद्राकडून गावात शिरायचं तर आधी पुळण लागते, मग भिंत, भिंतीच्या माथ्यावर लोकांचा फिरायचा रस्ता, त्याला खेटून रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे घरं. स्टेशनच्या फलाटावर उभा राहणारा माणूस आणि लाट यांच्यामध्ये या भिंतीखेरीज काही नाही. लंडनच्या पॅडिंग्टनहून प्लिमथला आणि पुढे कॉर्नवॉलच्या टोकाला पेन्झन्सपर्यंत जाणाऱ्या गाड्या याच रुळांवरून धावतात. एक्सेटरहून प्लिमथ गाठायला दुसरा लोहमार्ग नाही. म्हणजे डॉलिशला लाट रुळांवर आली की अख्खं कॉर्नवॉल रेल्वेच्या नकाशावरून तुटतं.

हे एकदा खरोखर घडलं. २०१३-१४च्या हिवाळ्यात अटलांटिकवरून एकामागून एक वादळं येत होती. जानेवारीभर लाटांनी किनाऱ्याची वाळू खरवडून नेली होती, त्यामुळे भिंतीचा पाया उघडा पडत चालला होता. ४ फेब्रुवारी २०१४च्या रात्री भरती आणि वादळ एकाच वेळी आले. अशी जुनी दगडी भिंत फुटते तेव्हा ती बहुधा समोरच्या धडकेने एकदम कोसळत नाही. लाटा वरून आत पडतात, मागचा मातीचा आणि मुरुमाचा भराव धुऊन नेतात, आतून पोकळ झालेल्या भिंतीला मग मागचा आधार उरत नाही. ५ तारखेला उजाडलं तेव्हा जवळजवळ १०० मीटर भिंत गेली होती. खालची जमीन गेली आणि रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबत राहिले. मागच्या घरांचा पुढचा भाग उघडा पडला. तिथल्या लोकांना रात्रीच बाहेर काढावं लागलं होतं.

दुरुस्तीला दोन महिने लागले. नेटवर्क रेल ही रूळ आणि स्टेशनं सांभाळणारी सरकारी संस्था. तिने नारिंगी जॅकेटातले सुमारे ३०० कामगार इथे आणले. आधी त्यांनी मालवाहू जहाजांवरचे मोठाले कंटेनर दगडांनी भरून समुद्राच्या तोंडाला एका रांगेत लावले, म्हणजे त्यांच्या आडोशाला काम करता येईल. मधल्या काळात आणखी एक वादळ आलं आणि केलेल्या कामातलं बरंच पुन्हा बिघडलं. मग ४ मार्चला काही किलोमीटर पुढे, टिनमथजवळ, रुळांच्या वरचा कडाच घसरला. सुमारे २० हजार टन माती खाली यायच्या बेतात अडकून राहिली. ती आपोआप पडण्याची वाट पाहण्यात धोका होता, म्हणून समुद्राचंच पाणी पंपाने उचलून जोरदार फवाऱ्यांनी ती माती मुद्दाम पाडली आणि मग उपसली. ४ एप्रिलला गाडी पुन्हा धावली. खर्च आला सुमारे साडेतीन कोटी पौंड. गावातल्या लोकांनी त्या नारिंगी फौजेचं केलेलं कौतुक बातम्यांत खूप आलं आणि ते योग्यच होतं. पण ही कौतुकाची बाजू सोडून माझं लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे जातं: हा सगळा पैसा रेल्वेच्या खात्यातून आला. भिंत रेल्वेची, म्हणून ती उभी राहिली. घरांची सोय त्या ओघात झाली.

ही व्यवस्था कशी तयार झाली, ते समजायला १८४६ सालात जावं लागतं. साउथ डेव्हन रेल्वेचा एक्सेटर ते टिनमथ हा टप्पा त्या वर्षी सुरू झाला. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर सात वर्षांनी धावली. अभियंता होता इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. आतल्या बाजूला टेकड्यांचा चढउतार, आणि किनाऱ्यावर मात्र कड्यांच्या पायथ्याशी सपाट पट्टी. त्याने सपाटी निवडली. समुद्रात पुढे आलेले कड्यांचे नाकाडे बोगद्यांनी फोडले आणि मधल्या पट्टीला भिंत घातली. सुरुवातीला या मार्गावर त्याने इंजिनाऐवजी हवेच्या दाबाने गाड्या ओढण्याचा प्रयोगही केला; रुळांमधल्या नळीची चामड्याची झडप हवाबंद राहीना आणि १८४८मध्ये तो बंद पडला. त्या प्रयोगासाठी बांधलेलं स्टारक्रॉसचं पंपघर अजून उभं आहे. भिंत मात्र राहिली, आणि तिच्याबरोबर समुद्राशी भांडणही. १८५५ साली ती पहिल्या मोठ्या खिंडारांपैकी एकाला सामोरी गेली. त्यानंतर दर पिढीत काही ना काही घडत आलं आहे.

ब्रुनेलने एक गोष्ट नकळत बदलली, आणि मला तीच या सगळ्या प्रश्नाचं मूळ वाटते. डॉलिश आणि टिनमथमधले कडे तांबड्या वालुकाश्माचे आणि खडेमिश्रित खडकाचे आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळवंटाचे. ते ठिसूळ आहेत. रेल्वे येण्याआधी लाटा कड्यांच्या पायथ्याला थेट भिडायच्या, कडा थोडा थोडा ढासळायचा आणि त्याचीच वाळू खाली पुळणीवर यायची. ती पुळण मग लाटेची ताकद आधीच मोडून टाकायची. किनारा स्वतःला असा सांभाळत असतो: मागे सरकत, पण पुढे वाळूची गादी टाकत. मध्ये भिंत आली आणि हे देणंघेणं थांबलं. कडा वरून पाऊस पिऊन घसरत राहिला, पण त्याची माती आता रुळांवर पडते आणि ट्रकने उचलली जाते. पुळणीवर पोचत नाही. शिवाय उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना समोरची वाळू ओढून नेते. पुळण खाली गेली की भिंतीसमोर पाणी खोल होतं, आणि खोल पाण्यात लाट मोडत नाही, पूर्ण उंचीनिशी भिंतीवर येते. म्हणजे भिंत जितकी पक्की करू तितका तिच्यापुढचा समुद्र जवळ येतो. शेजारच्या डॉलिश वॉरनला, एक्स नदीच्या मुखापाशी वाळूची जी लांब जीभ आहे, तिथे २०१७मध्ये अडीच लाख घनमीटर वाळू समुद्रातून उपसून किनाऱ्यावर पसरली. पुढच्या काही वर्षांत त्यातली बरीचशी पुन्हा वाहून गेली.

मग रूळच आत हलवावेत, ही सूचना दर वादळानंतर येते. ती नवी नाही. १९३०च्या दशकात ग्रेट वेस्टर्न रेल्वेने किनारा टाळून आतून जाणाऱ्या मार्गासाठी पार्लमेंटची मंजुरी मिळवली होती, मोजणीही सुरू होती. १९३९मध्ये युद्ध सुरू झालं आणि काम तिथेच थांबलं. दुसरा पर्याय उत्तरेचा होता. डार्टमूरच्या वरून ओकहॅम्प्टन आणि टॅव्हिस्टॉकमार्गे प्लिमथला जाणारा लोहमार्ग तेव्हा चालू होता, पण १९६८मध्ये ओकहॅम्प्टनच्या पुढचा भाग बंद करून टाकला. आज जो दुसरा मार्ग नाही म्हणून सगळे हळहळतात, तो त्यांच्याच सरकारने तोट्याच्या हिशेबात उखडला होता. नोव्हेंबर २०२१पासून एक्सेटर ते ओकहॅम्प्टन रोजची प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली आहे, पुढचा तुकडा मात्र अजून नाही. २०१४च्या फुटीनंतर नेटवर्क रेलने सगळे पर्याय तपासले. ओकहॅम्प्टनचा मार्ग पूर्ण जोडायला अंदाजे साडेसत्त्याऐंशी कोटी पौंड, आणि किनाऱ्याला बगल देणारे नवे मार्ग दीड ते तीन अब्ज पौंड. खर्चाच्या मानाने प्रवासी आणि मालवाहतुकीचा फायदा फार कमी निघाला.

रेल्वेप्रेमी मंडळी या आकड्यांवर चिडतात. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. पर्यायी मार्ग हवाच, एकाच रुळावर अख्खा प्रदेश लटकवणं चूक आहे. पण नवा मार्ग झाला आणि गाड्या तिकडे वळल्या की डॉलिशच्या भिंतीचं काय? ती तशीच सांभाळावी लागेल, नाहीतर मागचं गाव जाईल. फक्त तेव्हा तिच्या मागे पेन्झन्सपर्यंतचे प्रवासी, मालगाड्या आणि पर्यटनाचा धंदा उभा नसेल. इंग्लंडमध्ये किनारा संरक्षणाचा सरकारी पैसा मुख्यतः किती घरं वाचतात या हिशेबाने मिळतो. एवढ्या छोट्या गावाला त्या हिशेबातून काय हाती लागलं असतं, याची कल्पना करवत नाही. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारे गावासाठी म्हणून बांधले जातात, आणि त्यांच्या मंजुरीसाठी गावकऱ्यांना किती चकरा माराव्या लागतात हे तिथल्या लोकांना विचारावं. डॉलिशला भिंत मिळाली ती गावाकडे रेल्वे होती म्हणून.

आणि मिळाली ती चांगली मिळाली. सुमारे आठ कोटी पौंडांच्या दोन टप्प्यांपैकी पहिला, ३६० मीटरचा, २०२०मध्ये पुरा झाला. दुसरा, स्टेशनला लागून असलेला ४१५ मीटरचा, २०२३मध्ये. नवी भिंत सुमारे आठ मीटर उंच आहे, जुन्यापेक्षा अडीच मीटरने जास्त, आणि तिचे खांब खालच्या खडकात खोल रोवलेले आहेत. तिच्या माथ्याला समुद्राकडे वळलेला ओठ आहे. वर चढणारी लाट त्या वळणाला लागून उलटी समुद्रातच फेकली जाते, रुळांवर पडत नाही. भरतीच्या पाण्यात काम करण्यासाठी आठ पायांचा, पाय उचलून पुढे सरकणारा तराफा आणला होता. गावाला आधीपेक्षा रुंद रस्ता मिळाला, आणि स्टेशनवर लिफ्टचा पूल. याच मार्गावरच्या पार्सन्स टनेल या बोगद्याच्या तोंडाला २०९ मीटर लांबीचं छप्परही बांधलं, कड्यावरून निसटलेला दगड गाडीवर न पडता त्याच्यावर पडावा म्हणून. हे सगळं एका मोठ्या कार्यक्रमाचा भाग आहे. त्याचा एकूण खर्च सुमारे साडेसोळा कोटी पौंड.

भिंतीमुळे रोजचा त्रासही कमी झाला, आणि तो बातम्यांत कमी येतो. उधाणाचा अंदाज आला की समुद्राकडचा रूळ बंद करून दोन्ही बाजूंच्या गाड्या आतल्या रुळावरून सोडाव्या लागतात. काही गाड्यांच्या छतावर ब्रेकची विद्युत सामग्री आहे. तिच्यावर खारं पाणी पडलं की गाडी मध्येच बंद पडायची, म्हणून त्या गाड्या वादळी दिवशी सोडतच नसत. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये जुन्या नोंदी आणि समुद्राची पातळी ताडून पाहिली. वर्षाला दहाच्या आसपास असलेले असे निर्बंधांचे दिवस, पातळी अर्ध्या मीटरहून जास्त वाढली तर २१००पर्यंत ८४ ते १२० होऊ शकतात, असं त्यांच्या हिशेबात आलं. तो हिशेब जुन्या भिंतीचा होता. नव्या भिंतीने काही दशकं विकत घेतली आहेत.

कड्यांची बाजू अवघड आहे. जवळच्या होलकम गावापासून टिनमथपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर कडा रुळांच्या डोक्यावर आहे. २०२०मध्ये नेटवर्क रेलने रूळच समुद्राकडे सरकवायचा आराखडा मांडला. कड्यापासून अंतर मिळालं असतं, पण होलकमची पुळण बरीचशी भरावाखाली गेली असती. गावाने कडाडून विरोध केला. रेल्वेने ऐकलं आणि २०२१मध्ये दुसरा आराखडा आणला: कड्यात लांब पोलादी सळ्या ठोकून माती बांधायची, वर जाळी ताणायची, पाण्याला वाट करून द्यायची. कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्याला या जाळ्या ओळखीच्या आहेत. २००३च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांवर गाडी आदळून ५०हून अधिक माणसं गेली, त्यानंतर कोकणातल्या कटिंगांना जाळ्या, सळ्या आणि पावसाळी वेळापत्रकातली वेगमर्यादा आली. रुळांवर दरड आधी येते की उपाय, हा तिथेही पैशाचाच प्रश्न होता.

डॉलिशच्या कार्यक्रमात शेवटचा राहिलेला टप्पा नेमका हाच १.८ किलोमीटरचा. २०२५मध्ये सरकारने तो पुढे ढकलला. कड्यावर मोजमापाची यंत्रं आहेत, त्यांवरून घाई दिसत नाही, असा युक्तिवाद आहे. यंत्रं हालचाल सांगतात, ती थांबवत नाहीत. २०१४मध्ये समुद्राने भिंत फोडली आणि महिन्याभरात कड्याने माती सोडली. दोन्ही एकाच ओल्या हिवाळ्याची कामं होती. एक बाजू आठ कोटी खर्चून पक्की करायची आणि दुसरी पुढच्या अंदाजपत्रकासाठी ठेवायची, यात प्लिमथच्या प्रवाशाचा धोका उरतोच. होलकमच्या लोकांनी पुळण वाचवायला रेल्वेशी भांडून आराखडा बदलून घेतला होता, कड्याला सळ्या आणि जाळी मान्य केली होती. त्यांच्याशी झालेलं ते बोलणं कागदावर आहे, आराखडा तयार आहे. कामाला आता फक्त सरकारच्या पैशाची अडचण आहे, आणि ते पैसे पुढच्या ओल्या हिवाळ्याआधी मिळायला हवेत.