पहिल्या अर्ध्या तासातले परार्ध

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर दसरा-दिवाळीत मोबाईलच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. काउंटरवर खोक्याचं सील तुटतं, टेम्पर्ड ग्लास बसते, कव्हर चढतं. ‘काका, सिम द्या, चालू करून देतो,’ असं म्हणत दुकानातला मुलगा अर्ध्या तासात नवा फोन गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. गिऱ्हाईक किंमत, कॅमेरा आणि रंग पाहतं. पण त्या अर्ध्या तासात काउंटरवर जे आकडे कामाला लागतात, त्यांच्यापुढे लाख आणि कोटी अगदीच तोकडे पडतात.

आपल्याकडे त्याहून मोठं माप आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी चढत जाणारी अठरा स्थानं दिली आहेत. शेवटचं स्थान परार्धाचं, म्हणजे एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला होता, आणि त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला. आपल्याच उत्तर महाराष्ट्रात जपलं गेलेलं हे माप नव्या फोनला लावून पाहू.

सुरुवात खोक्यापासून करू. खोक्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक छापलेला असतो. फोनवर *#०६# दाबलं तरी तो दिसतो. पहिले आठ आकडे फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका नगाचे, आणि पंधरावा आकडा केवळ तपासणीचा. उदाहरणादाखल ४९०१५४२०३२३७५१ हे चौदा आकडे घ्या. दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करा. दुप्पट करून दोन आकडी संख्या आली, तर तिच्यातल्या आकड्यांची बेरीज घ्या: ९ चे १८, म्हणून १ अधिक ८, पुन्हा ९. सगळ्याची बेरीज ५२ येते. पुढची दहाच्या पटीतली संख्या ६०. फरक ८. म्हणून पंधरावा आकडा ८. ही रीत आयबीएममधल्या हान्स पीटर लुन यांची. त्यांनी १९५४ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. एक आकडा चुकीचा टाइप झाला, तरी बेरीज लगेच चूक दाखवते. चौदा आकड्यांतून कोटी गुणिले कोटी इतके क्रमांक तयार होऊ शकतात. जगातल्या ८०० कोटी माणसांना वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा हजार. अजून आपण परार्धाच्या तीन पायऱ्या खाली आहोत.

आता बटण दाबा. बॅटरी ५,००० एमएएचची असेल, तर एका पूर्ण चार्जमध्ये फोनच्या सर्किटमधून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या सुमारे ११ लाख परार्ध भरते. आपल्या आकाशगंगेत जास्तीत जास्त ४०,००० कोटी तारे धरले, तरी तेवढे तारे गोळा करायला अशा २८,००० कोटी आकाशगंगा लागतील. आणि हे सगळं भरायला येणारा खर्च? युनिटला दहा रुपये धरले तरी साधारण चार आणे.

हे इलेक्ट्रॉन ज्या चिपमधून धावतात, तिच्यावरच्या ट्रान्झिस्टरांचा हिशेबही असाच. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर आला, तेव्हा त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२३ च्या आयफोन १५ प्रोमधल्या चिपवर ते १,९०० कोटी आहेत. सेकंदाला एक या गतीने, न झोपता मोजायला बसलं तर सहाशे वर्षं लागतील. आज मोजणी संपवायची असती, तर शिवछत्रपतींच्या जन्माच्याही दोनशे वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती. ही चिप बोटाच्या नखावर मावते.

तिची गतीही लक्षात घेण्यासारखी आहे. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. नाशिकहून मुंबई गाठायला त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. तोच प्रकाश प्रोसेसरच्या एका ठोक्यात जेमतेम दहा सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे फोनच्या एका टोकाहून निघालेला किरण दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पुढचा ठोका पडलेला असतो. इतक्या बारीक वेळात प्रकाश कसा चालतो, हे प्रत्यक्ष दाखवण्याचं काम नाशिकच्याच रमेश रासकर यांनी अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये सहकाऱ्यांबरोबर केलं. २०११ मध्ये जगासमोर आलेलं त्यांचं तंत्र सेकंदाला एक लाख कोटी चित्रांच्या वेगाने प्रकाश टिपतं. बाटलीतून पुढे सरकणारा प्रकाशाचा झोत त्यात डोळ्यांना दिसतो. दोन चित्रांमध्ये प्रकाश तीन दशांश मिलिमीटर सरकतो, आणि फोनच्या एका ठोक्यात अशी ३३३ चित्रं बसतात.

स्क्रीन उजळते आणि फोन भाषा विचारतो. ‘मराठी’ निवडा. पहिला शब्द ‘नाशिक’ लिहा. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. फोन मात्र पाच चिन्हं साठवतो: न, काना, श, वेलांटी, क. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून नाशिक हे नाव १५ बाइटांचं, म्हणजे शून्य आणि एक यांच्या १२० जागांचं. या हिशेबाने तीनशे पानांचं मराठी पुस्तक साधारण २ एमबीत बसतं. पूर्ण १२८ जीबीत अशी ६४,००० पुस्तकं राहतील. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये सुरू झालं. त्या वर्षापासून कोणी रोज एक पुस्तक वाचत आलं असतं, तर ६४,००० वं पुस्तक २०१५ च्या सिंहस्थाच्या सुमारास हातात पडलं असतं. आणि १२८ जीबी म्हणजे आज मध्यम किमतीच्या फोनची साधी क्षमता.

ज्या पडद्यावर हे नाव उमटलं, त्यावर आडवे १,०८० आणि उभे २,४०० ठिपके असतात. गुणाकार करा: २५ लाख ९२ हजार. आता तीस दिवसांचे सेकंद मोजा: २५ लाख ९२ हजार. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सेकंदाला एक ठिपका रंगवत बसलं, तर एक चित्र पुरं व्हायला अखंड महिना लागेल. तेवढं काम १२० हर्ट्झचा पडदा सेकंदाच्या एकशेविसाव्या भागात उरकतो, म्हणजे एका सेकंदात माणसाचं दहा वर्षांचं काम.

मग सिम बसतं. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतल्या केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. आज देशात मोबाईलची ११० कोटींहून अधिक कनेक्शन्स आहेत. नवं सिम घेताना दुकानात बहुतेक जण आधार दाखवतात. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. एका माणसाला दोन क्रमांक जाऊ नयेत, म्हणून नव्या माणसाचे ठसे आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहावे लागतात. १०० कोटी माणसांतल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली, तर जवळजवळ ५ परार्ध जोड्या होतात. आधारने १०० कोटींचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. टेंभलीच्या ठशांपासून सुरू झालेलं हे काम खऱ्या अर्थाने परार्धांचं आहे.

पण सिमच्या आतली संख्या या सगळ्यांना मागे टाकते. प्रत्येक सिममध्ये १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते. ती सिमच्या बाहेर कधीच पडत नाही. टॉवरकडून एक संख्या येते, सिम आपल्या किल्लीने त्या संख्येवर गणित करून उत्तर परत धाडतं, कंपनीही आपल्याकडे तेच गणित करते, आणि दोन्ही उत्तरं जुळली की वर रेघा दिसू लागतात. अशा किती किल्ल्या असू शकतात? परार्धाला परार्धाने गुणा, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा ३४ हजारांनी गुणा. शंभर कोटी संगणकांनी, प्रत्येकाने सेकंदाला शंभर कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सगळ्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या पावणेआठशे पट काळ लागेल.

नकाशा उघडला की या प्रचंड संख्यांचं दुसरं टोक, म्हणजे वेळेची बारीक अचूकता दिसते. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ३८ पट पुढे जातात. आइनस्टाइनच्या सापेक्षतेनुसार ही दुरुस्ती करावीच लागते. ती केली नाही, तर एका दिवसात अकरा किलोमीटरची चूक साचेल, आणि रामकुंडावर उभ्या असलेल्या माणसाला फोन नाशिक रोड स्टेशनच्याही पलीकडे दाखवेल.

शेवटी यूपीआय. नाशिकला पैशाची राखण कशी करतात हे सांगायला नको. नाशिक रोडची करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नोटा छापते आहे. वॉटरमार्क, सुरक्षा धागा, प्रत्येक नोटेचा वेगळा क्रमांक, आणि भोवती कडक पहारा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसात हजार. नोटेसाठी जे काम वॉटरमार्क आणि धागा करतात, ते इथे प्रचंड संख्यांच्या किल्ल्या करतात. त्या फोडणं कोणालाही परवडणारं नाही.

म्हणूनच चोर त्यांच्या वाटेला जात नाहीत. ते त्या अर्ध्या तासातल्या सगळ्यात लहान आकड्याकडे जातात, आणि तो आकडा आपण ठरवलेला असतो.

नऊ ठिपक्यांच्या पॅटर्न लॉकमध्ये एकूण ३,८९,११२ आकृत्या होऊ शकतात. चारच ठिपके जोडले, तर फक्त १,६२४. चार आकडी पिनच्या शक्यता १०,०००, सहा आकडीच्या १० लाख. सेकंदाला शंभर कोटी प्रयत्न करणारा संगणक हे १० लाख सेकंदाच्या हजाराव्या भागात संपवेल. पिन टिकतो तो स्वतःच्या बळावर नव्हे. चुकीचे प्रयत्न वाढले की फोन थांबायला लावतो, त्या थांबण्याने तो टिकतो. आता सहा आकड्यांत जन्मतारीख टाकून पाहा. शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून ३६,५२५ होतात. म्हणजे १० लाखांतल्या ९,६३,४७५ शक्यता आपणच काढून टाकल्या. आणि ज्याला आपली जन्मतारीख ठाऊक आहे, त्याच्यासाठी उरते फक्त एक.

गर्दीच्या काउंटरवर आपली माणसं नेमकं हेच करतात. ‘पिन काय टाकू?’ असं विचारलं, की आई-वडिलांच्या वयाची माणसं मोठ्याने जन्मतारीख सांगतात. दुकानातला मुलगा भला असतो, पण शेजारचे दहा कान कोणाचे आहेत, हे कोणाला ठाऊक? फोनवरून ओटीपी मागणारा ठगही परार्धांची किल्ली मागत नाही. त्याला सहा आकडे हवे असतात, आणि ते आपल्याच तोंडून ऐकायचे असतात.

मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण उपाय फुकटचे आहेत आणि हिशेब सोपा आहे. दुकानात फोन चालू करून घ्या, पण पिन घरी जाऊन स्वतः टाका. सहा आकडी टाका, आणि त्यात जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर नको. ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा बँकेचं नाव घेत असला तरीही. आयएमईआयचे पंधरा आकडे घरच्या वहीत लिहून ठेवा. २०२७ च्या सिंहस्थात गोदाकाठच्या गर्दीत फोन हरवला किंवा गेला, तर पोलिसांत तक्रार करून त्याच क्रमांकावरून ‘संचार साथी’वर तो बंद करता येतो. पैसे गेले, तर लगेच १९३० वर फोन करा. जितकी घाई, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नवा फोन घेऊन दिलात, तर कॅमेरा आणि व्हॉट्सअ‍ॅप शिकवण्याआधी पंधरा मिनिटं त्यांच्याशेजारी बसून हे सहा आकडे त्यांचे त्यांना ठरवू द्या.

चिप, सिम आणि उपग्रह यांच्यातल्या परार्धांची राखण करायला जगभरचे इंजिनिअर बसले आहेत आणि ते आपलं काम चोख करतात. आपल्या वाट्याला सहा आकड्यांची जबाबदारी आली आहे. एवढी छोटी जबाबदारी इतक्या मोठ्या ठेव्यासाठी क्वचितच कोणाला मिळते, म्हणून ती पुरती सांभाळायची.