गाडीला कोणते पेट्रोल घालावे?

घरात गाडी आली की माणसे तिला जिवापाड जपतात. पंपावर दोन तऱ्हेचे पेट्रोल दिसते. एक साधे, दुसरे महाग. मग वाटते, महाग ते चांगलेच असणार, घाला तेच! आम्ही म्हणतो, जरा थांबा. आधी ऑक्टेनचा आकडा समजून घ्या.

91, 95, 100 असे हे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही.

इंजिनात सिलिंडर नावाचे नळकांडे असते. त्यात दट्ट्या खालीवर होतो. पेट्रोलची वाफ आणि हवा आत येते. दट्ट्या ती दाबतो. दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसेच. मग ठिणगी पडते. जाळ पसरतो, दट्ट्याला जोराने ढकलतो आणि गाडी चालते.

पण दाब पेट्रोलला सोसवला नाही तर? जाळ पोचायच्या आधीच उरलेली वाफ आपोआप भडकते. इंजिन खटखट वाजते. चढावर, भरल्या गाडीत हे जास्त होते. असे बरेच दिवस चालले तर इंजिन खराब होते.

ऑक्टेन म्हणजे दाब सोसण्याची शक्ती. आकडा मोठा, तितके पेट्रोल जास्त दाब सोसते. काही इंजिने फार दाब देतात. त्यांना मोठा आकडा लागतो. इतरांना तो घालून फायदा नाही. दोन पायल्या ज्वारी उचलायला कुणी हमाल लावतो का?

पूर्वी ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिसे घालीत. ते धुरातून मुलांच्या अंगात जाई आणि मेंदूला अपाय करी. भारतात ते 2000 साली बंद झाले. आता उसापासून, धान्यापासून केलेले इथेनॉल मिसळतात. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा मोठा, पण लिटरमागे उष्णता कमी. म्हणजे पाहा, आकडा मोठा म्हणून ताकद मोठी नव्हे.

मग आपण काय करावे? गाडीबरोबर एक पुस्तक मिळते, ते उघडा. पुष्कळदा टाकीच्या झाकणाच्या आतही लिहिलेले असते. 91 लिहिले असेल तर 95 ची गरज नाही. 95 च हवे असे लिहिले असेल तर 91 घालून पैसे वाचवू नका. गाडी जुनी असेल तर इथेनॉल किती चालते, तेही त्यात बघा.

हिशेब करा. समजा, महाग पेट्रोल लिटरला 10 रुपये जास्त आहे. महिन्याला 30 लिटर लागले तर 300 रुपये. वर्षाचे झाले 3,600 रुपये. तेवढ्यात पोरांची वह्यापुस्तके येतील.

आता आपल्याला वाचता येते. तेव्हा कुणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतः आकडा वाचूनच पेट्रोल घाला.