खिशातलं मल्टिटूल: ऐकीव समज आणि वस्तुस्थिती

मल्टिटूल घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो: "यात किती गोष्टी आहेत?" खोक्यावर आकडा ठळक छापलेला असतो आणि दुकानदारही तोच आधी सांगतो. खरेदी चुकते ती बहुधा इथेच, म्हणून सुरुवात या आकड्यापासून.

व्हिक्टोरिनॉक्सचा 'क्लासिक एसडी' हा किल्ल्यांच्या जुडग्यात राहणारा छोटा चाकू बघा. मिटलेला असताना तो ५८ मिलिमीटर लांब आणि वजनाला साधारण २१ ग्रॅम. कंपनी त्याची ७ 'फंक्शन्स' सांगते. पातं, कात्री, नखांची कानस, कानशीच्या टोकाला बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा आणि दातकोरणं ही झाली सहा. सातवी गोष्ट म्हणजे जुडग्यात अडकवायची कडी. यात लबाडी नाही, मोजायची रीतच तशी आहे. पण ही रीत ठाऊक असली की ३३ फंक्शन्सचा 'स्विसचॅम्प' पाहून माणूस हुरळत नाही. त्याचं वजन सुमारे १८५ ग्रॅम आहे. पँटच्या खिशात ते चालताना मांडीवर आपटत राहतं, मग टूल आधी बॅगेत जातं, नंतर कपाटात, आणि गरज पडेल तेव्हा ते घरी असतं. वेंगर कंपनीने तर ८७ अवजारं आणि १४१ फंक्शन्स असलेला एक चाकू बनवला होता. तो संग्रहात ठेवण्यासारखा आहे, पण त्याला पुरेल असा खिसा कुणाच्याच पँटला नाही.

रोज जवळ बाळगायच्या टूलची पहिली कसोटी वजन आणि जाडी हीच आहे. माझ्या मते शंभर ग्रॅमच्या पुढचं टूल खिशात टिकत नाही. ज्यांचं कामच हत्यारांचं आहे, त्यांची गोष्ट वेगळी.

दुसरा समज असा की पातं महत्त्वाचं, बाकी सगळं हौसेचं. शहरातल्या माणसाचा दिवस आठवून पाहा. गोळ्यांच्या पाकिटातून दोन गोळ्या कापून घ्यायच्या, बाहीचा लोंबणारा दोरा कापायचा, नव्या कपड्याचं लेबल काढायचं, बँडेजची पट्टी कापायची, मुलाचं तुटलेलं नख नीट करायचं. ही सगळी कामं कात्रीची आहेत. पात्याने दोरा कापायला गेलं की कापड ओढलं जातं. कात्रीने तो कापडालगत कापता येतो. लेदरमनच्या 'मायक्रा'त तर मधोमध कात्रीच आहे आणि पातं बाजूला. पार्सलची चिकटपट्टी फाडायला मात्र पातं हवंच, पण तेवढ्यासाठी ते बोटाच्या दोन पेरांएवढं असलं तरी पुरतं.

पक्कड हवी का, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. टिम लेदरमन हा अमेरिकी अभियंता १९७५ मध्ये पत्नीसोबत जुन्या फियाटमधून युरोपभर फिरत होता. गाडी वारंवार बिघडायची, हॉटेलांतले नळ गळायचे, आणि खिशातल्या स्काउट चाकूला पक्कड नव्हती. ही उणीव भरून काढायला त्याने टूल तयार केलं. ते बाजारात यायला १९८३ साल उजाडलं. सायकल, दुचाकी, शिलाई मशीन किंवा कॅमेऱ्याच्या स्टँडशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांनी छोटी पक्कड असलेलं टूल जरूर घ्यावं. अडकलेली झिप सोडवणं, वाकलेली पिन सरळ करणं, तार पिळणं ही कामं ती चोख करते. गच्च बसलेले नट सोडवायला ती वापरू नये. जबडा पिरगळला किंवा मधली खीळ सैल झाली की टूल कामातून जातं. त्या कामाला पानाच लागतो.

आता ज्या गैरसमजाने जीव जाऊ शकतो, त्याकडे येऊ. "मूठ प्लॅस्टिकची आहे, म्हणजे शॉक लागणार नाही." हे साफ चुकीचं आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या ओळखीच्या लाल चाकूच्या दोन्ही बाजूंना असतात त्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या. त्यांच्या मधल्या धातूच्या थरांच्या कडा उघड्याच असतात, आणि टूल धरताना बोटं नेमकी त्या कडांवर येतात. कडीही आतल्या धातूला जोडलेली असते. पक्कडवाल्या टूलची तर मूठच स्टीलची. आपल्या घरातला पुरवठा २३० व्होल्टचा आहे. वायरमनच्या खास इन्सुलेटेड अवजारांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा असतो. ती अवजारं तेवढ्या दाबापर्यंत वापरण्यासाठी तपासलेली असतात. खिशातल्या मल्टिटूलवर ही खूण सापडणार नाही. "मेन बंद करून करतो," असं कुणी म्हणेल. ज्या घरात इन्व्हर्टर आहे, तिथे मेन बंद केल्यावरही काही दिवे-पंख्यांच्या तारांत वीज खेळत असते. म्हणून स्विचबोर्ड, प्लग आणि होल्डर यांच्या जवळ हे टूल नेऊच नका.

स्टीलबद्दलचा एक समज आपल्याकडे भांड्यांच्या दुकानातून आला आहे: चुंबक चिकटला तर स्टील हलकं. भांड्यांच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य आहे, कारण चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये निकेल असतं आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण ते स्टील तापवून विझवलं तरी कडक होत नाही, त्यामुळे त्याला धार टिकत नाही. चाकूचं स्टील कडक करावं लागतं आणि त्याला चुंबक चिकटतोच. छोट्या चाकूच्या पात्याला चुंबक चिकटला म्हणून तो परत करू नका.

याच स्टीलला गंजही चढू शकतो. 'स्टेनलेस' स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याने पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो लोखंडाला जपतो. मीठ आणि घाम हा थर फोडतात. मालवण, रत्नागिरी किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यातल्या ओल्या खिशात, पात्याच्या बुडाशी बारीक काळे ठिपके दिसायला लागतात ते यामुळेच. उपाय सोपा आहे. कोमट पाण्यात टूल उघडझाप करून धुवावं, पूर्ण वाळवावं आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालू नये. ते थंडीत गोठतं आणि काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल चालतं. पात्याने फळं कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन बरं.

एकाच टूलमधलं सगळं स्टील सारखं कडक असतं, असंही नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूत पात्याचा कडकपणा रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतो, स्क्रू ड्रायव्हरचा ५२ आणि स्प्रिंगचा ४९. पातं धार टिकावी म्हणून कडक, स्क्रू ड्रायव्हर पीळ सोसावा म्हणून थोडा मऊ. पात्याच्या टोकाने स्क्रू फिरवला की टोक मोडतं ते यामुळे. धार लावायला सायकलवरच्या चाकाचा धारवाला मोठ्या सुऱ्यांना ठीक आहे, पण इवल्या पात्याला नाही. कोरड्या फिरत्या चाकावर पातळ कड तापते, तिचा कडकपणा उतरतो आणि पातंही झिजतं. बारीक दगडावर, पाणी घालून, प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांच्या कोनात हलक्या हाताने घासलं की पुरे.

"वेळप्रसंगी स्वसंरक्षणाला उपयोगी," असं म्हणून कुणी टूल घेत असेल, तर त्याला थांबवा. बहुतेक छोट्या चाकूंचं पातं लॉक होत नाही. ते केवळ पाठच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. टोकावर दाब आला की ते उलटं मिटतं आणि धरणाऱ्याच्याच तर्जनीवर बसतं. कामातही हेच लक्षात ठेवायचं: अशा पात्याने भोसकायचं नाही, अंगापासून दूर ओढत कापायचं. बोथट पातं सुरक्षित, हाही भ्रमच आहे. त्याला जोर जास्त लावावा लागतो आणि ते सटकतं.

कायद्याबाबत "सहा इंचांपेक्षा लहान चाकू चालतो" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. आपल्या शस्त्र नियमांत, म्हणजे २०१६ च्या नियमांत, धारदार शस्त्रांसाठी जे माप आहे ते पात्याची लांबी ९ इंचांपेक्षा जास्त किंवा रुंदी २ इंचांपेक्षा जास्त असं आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. खिशातलं टूल या मापाच्या जवळपासही जात नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त शस्त्रं आणि इजा करता येईल अशा वस्तू जवळ बाळगायला मनाई करू शकतात. त्या यादीत चाकू हा शब्द आहे, पात्याच्या लांबीचा उल्लेख नाही. सण, निवडणुका आणि मोर्चांच्या दिवसांत असे आदेश निघतात आणि वर्तमानपत्रांत छापूनही येतात. त्या काळात, आणि न्यायालय, परीक्षा केंद्र किंवा मंत्रालयात जाताना, पातं असलेलं टूल घरी ठेवावं. इंग्लंडमध्ये मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्यावं. तिथे ३ इंचांपर्यंतचं मिटणारं पातं विनाकारणही बाळगता येतं, पण ते लॉक होणारं असेल तर योग्य कारण दाखवावं लागतं.

विमानात "एवढंसं पातं कोण अडवतंय" म्हणू नका. आपल्या विमानतळांवर केबिन बॅगेत चाकू चालत नाही, मग तो कितीही लहान असो. अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेने २०१३ च्या मार्चमध्ये ६ सेंटिमीटरपर्यंतची पाती केबिनमध्ये नेऊ देण्याचं जाहीर केलं होतं. विमान कर्मचाऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. त्या पहिल्या बातमीच्या आठवणीवर आजही कुणीकुणी विसंबून राहतं.

लाल चाकू स्विस लष्कराचा, हा समज निरुपद्रवी आहे, तरी सांगून टाकतो. लष्कराने १८९१ मध्ये सैनिकांना दिलेल्या चाकूची मूठ गडद लाकडाची होती. त्यात रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर होता आणि डबे फोडायला ओपनर. आपण ज्याला ओळखतो तो कॉर्कस्क्रूवाला 'ऑफिसर्स' चाकू १८९७ मध्ये नोंदवला गेला. लष्कराने तो कधी अधिकृतपणे दिला नाही, अधिकारी स्वतःच्या पैशाने घेत.

मग घ्यायचं काय? दुकानात टूल हातात घ्या आणि प्रत्येक अवजार स्वतःच्या नखाने उघडून पाहा. नवा सांधा घट्ट असतो. वयस्कर हातांना किंवा नखं कापलेल्या बोटांना जे उघडत नाही, त्याचा उपयोग शून्य. कात्रीने कागद नव्हे, दोरा कापून बघा. ऑफिस-घर-लोकल एवढाच दिवस असेल तर ५८ मिलिमीटरचा कात्रीवाला चाकू घ्या. गाडी-सायकलशी झटापट असेल तर छोटी पक्कडवालं टूल घ्या. वारंवार विमानप्रवास असेल तर बिनपात्याचं बघा, ते मिळतं. आणि आज जे टूल जुडग्यात आहे, ते पुढच्या विमानप्रवासाआधी काढून चेक-इन बॅगेत टाका.