वेग आणि वडीलधाऱ्यांची भीड

नागपुरातील एखाद्या गजबजलेल्या चौकात, तांबडा दिवा लागून वाहनांचा लोंढा थबकला असता, हाती फलक घेऊन उभी असलेली चार-दोन पिकल्या केसांची माणसे दिसली, तर ती बहुधा ‘जनआक्रोश’ या संस्थेची आहेत, हे नागपूरकरांस सांगावे लागत नाही. त्यांतील बरीचशी सेवानिवृत्त. कचेरीत हुकूम देण्यात किंवा पाळण्यात हयात गेलेली. येथे मात्र त्यांच्यापाशी ना चलान फाडण्याचा अधिकार, ना गाडी अडविण्याची सनद. हेल्मेट घाला, पट्ट्यामागे थांबा, वेग आवरा, एवढेच ते सांगतात. आणि एरवी कोणाचा मुलाहिजा न राखणारा एखादा तरुण ‘हो काका’ म्हणत गाडी हातभर मागे घेतो. ती मागे जाते ती वडीलधाऱ्यांच्या भिडेने. कायदा त्या क्षणी कोणाच्या ध्यानीही नसतो.

परंतु या भिडेचा अंमल चौकापुरताच चालतो, असे माझे मत आहे. चौकात थांबलेल्या मनुष्यास उपदेश करता येतो. वेग वाढतो तो दोन चौकांच्या मधल्या रुंद, सिमेंटने गुळगुळीत केलेल्या पट्ट्यात, जेथे फलकही नाही आणि शिपाईही नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने पालिका हद्दीत मोटारीस ताशी ७० आणि मोटारसायकलीस ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरविली. पण ताशी ६० च्या वेगाने धावणारे वाहन, चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास लागणाऱ्या एका सेकंदातच सुमारे १७ मीटर पुढे सरकलेले असते, आणि वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. सरासरी वेग शेकडा एकने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका शेकडा चारने वाढतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

इंग्लंडातील खेड्यापाड्यांतून या अडचणीवर एक तोडगा निघाला आहे. तेथे पोलिसांनी शिकवून तयार केलेले स्थानिक रहिवासी वेगमापक यंत्र घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात, मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीचा क्रमांक टिपतात, आणि गाडीच्या मालकास पोलिसांकडून समज देणारे पत्र जाते. दंड नाही, पण ते पत्र घरी येते, आणि घरातील मंडळीही ते वाचतात! आपल्याकडील ई-चलान खिशातल्या मोबाइलवर गुपचूप उतरते आणि तेथेच विसरले जाते.

नागपुरास अशी तजवीज करणे अवघड नसावे. २०२१ साली येथे ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला आणि महानगरपालिकेच्या बसगाड्यांवर बसविलेल्या यंत्रांच्या नोंदींवरून, अपघात अद्याप घडलेला नसला तरी घडू पाहणारी ठिकाणे हुडकण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा ठिकाणांची यादी ‘जनआक्रोश’सारख्या मंडळींच्या हाती द्यावी, सोबत एक वेगमापक आणि एक नोंदवही द्यावी, आणि त्यांनी टिपलेल्या क्रमांकांच्या मालकांना वाहतूक शाखेने शिक्क्यानिशी पत्रे धाडावीत. केवळ समज देणाऱ्या अशा पत्रासाठी कायद्यात नवे कलम घालण्याची वाट पाहावी लागेल, असे मला वाटत नाही.